तीन पट्ट्यांची फ्रेम

“चेहऱ्यावरूनच कळतं, साधा माणूस होता बिचारा,” आई हॉलमध्ये जिग्नाबेनना सांगत होती. “आणि हा डोक्यामागचा उजेड बघा. जिवंत माणसाच्या मागे असा उजेड कोणी काढतं का?”

“साची वात छे,” समोरच्या फ्लॅटमधल्या जिग्नाबेन म्हणाल्या. बहुधा त्यांनी हातही जोडले असावेत, कारण बांगड्या वाजल्या.

मी बाल्कनीत पाइनची पट्टी कापत होते. करवत थांबवून एवढं ऐकलं आणि पुन्हा चालवली. आमच्या धंद्यातली विभागणीच तशी आहे. बोलणं आईकडे, लाकूड माझ्याकडे. गिऱ्हाईक दारात आलं की मी पडद्यामागे जाते. आई त्याला पाणी देते, काम विचारून घेते, त्याच्या मुलांची लग्नं झाली का तेही विचारून घेते. पुष्कळांना वाटतं, फ्रेमा आईच बनवते. एक काका तिला म्हणाले, “ताई, तुमच्या हातात जादू आहे,” आणि आईने ते नाकारलं नाही.

मी कॅनव्हासच्या चित्रांना साध्या, स्वस्तातल्या लाकडी फ्रेमा बनवते. भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमधल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखाली. सुरुवात एका मैत्रिणीमुळे झाली. तिने हौसेने चित्र काढलं आणि फ्रेमवाल्याने त्याला सोनेरी वेलबुट्टीची फ्रेम सुचवली. किंमत ऐकून ती चित्र पुन्हा पिशवीत घालून घरी आली. मग मी तिला एक फ्रेम बनवून दिली. ती वाकडी होती. मैत्रिणीने तिचं कौतुक केलं, ह्याचा अर्थ ती खरी मैत्रीण. दुसरी जरा कमी वाकडी झाली. असं करत करत मी ह्या धंद्यात आले. शाळा इंग्रजी माध्यमाची, कॉलेज कॉमर्सचं आणि हातात करवत, ह्याचा मेळ आमच्या नातेवाइकांना अजून लागलेला नाही. लग्नकार्यात आई सांगते, “ती आर्टमध्ये आहे.”

ज्यांनी फक्त फोटोच्या फ्रेमा पाहिल्यात, त्यांच्यासाठी थोडं सांगते. कॅनव्हासचं कापड आतल्या एका लाकडी चौकटीवर ढोलकीसारखं ताणलेलं असतं. त्याला काच लागत नाही, मागे पुठ्ठा लागत नाही. बाहेरून चार कडांना चार पट्ट्या ठोकल्या की झाली फ्रेम. दुकानात पट्ट्यांची टोकं तिरकी कापून कोपऱ्यात जुळवतात. ते छान दिसतं, पण त्याला वेळ आणि यंत्र लागतं. मी टोकं सरळ कापते. दोन उभ्या पट्ट्या चित्राच्या उंचीइतक्याच, आणि दोन आडव्या थोड्या लांब, म्हणजे त्या उभ्यांच्या टोकांवर टेकतात, एक वर, एक खाली. कोपऱ्याला गोंदाचा थेंब, कडेने चुका, म्हणजे बारीक खिळे, मग पॉलिश पेपरने घासायचं आणि मेणाचा हात द्यायचा. दिसायला सोपं आहे, आणि खरं म्हणजे आहेही सोपं. कठीण काय, तर सरळ पट्टी मिळणं. वखारीत मी प्रत्येक पट्टी उचलते, एक डोळा मिटते आणि तिच्या लांबीवरून नजर टाकते. वखारीचे शेठ पहिल्यांदा म्हणाले होते, “मॅडम, लकड़ी है, बंदूक नहीं.” मी काही न बोलता ती पट्टी बाजूला ठेवली आणि पुढची उचलली. तेव्हापासून ते मला फार पोचलेली समजतात. न बोलण्याचे असे फायदे आहेत.

चांगली फ्रेम कुणाला दिसत नाही, लोकांना चित्र दिसतं. माझ्यासारखीला ह्याहून बरा धंदा सापडला नसता.

लोक मात्र चित्रापेक्षा भिंतीचा विचार जास्त करतात, हे मला धंद्यात पडल्यावर कळलं. मीरा रोडच्या एका अंकलनी सात धावत्या घोड्यांचं चित्र फ्रेम करून नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणलं. घरी टांगल्यावर आंटींच्या लक्षात आलं की घोडे दाराच्या दिशेने पळतायत, म्हणजे घरातली लक्ष्मी बाहेर चालली. “फ्रेम पलट दो बेटा,” अंकल म्हणाले. मी पडद्यामागून हात काढला आणि चित्र फिरवून दाखवलं. सातही घोडे पाय वर करून पडले. अंकलनी त्याच्याकडे बराच वेळ गंभीरपणे पाहिलं. आई म्हणाली, “सामनेवाली दीवार पे लगाओ ना.” तिकडे एसी होता. शेवटी चित्र परत गेलं आणि एसीची जागा बदलली.

आणि मग येतात गेलेल्या माणसांची चित्रं. हल्ली घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो देऊन त्यावरून कॅनव्हासवर चित्र काढून घेतात. अशी चित्रं आली की पडद्यामागे माझा जीव कानकोंडा होतो. काहीतरी बोलायला हवं असतं. ‘वाईट वाटलं’ म्हणायचं की ‘काय झालं होतं’ विचारायचं, हे मला कुठल्याच भाषेत जमत नाही. पण माझ्या लक्षात आलं की लोक घरी जाऊन चंदनाचा हार घालण्यासाठी माझ्या फ्रेमेच्या डोक्यावर खिळे ठोकतात आणि पाइन मऊ असल्याने पट्टी चिरते. म्हणून अशा फ्रेमांना मी आधीच वरच्या पट्टीवर दोन बारीक पितळी हुक बसवून द्यायला लागले. न मागता. लोकांना त्याचं फार वाटायचं. एक बाई हुकांवरून बोट फिरवून रडल्या होत्या. मला जे बोलता येत नव्हतं, ते हुक बोलत होते. मला त्यांचा थोडा गर्वच झाला होता.

तर ज्या चित्राकडे बघून आई हळहळत होती, ते चेणे गावच्या सुजाता वहिनी देऊन गेल्या होत्या. हसतमुख, हाताला निळा रंग लागलेला, बोलण्यात गावचा ठसका. चित्र त्यांनी स्वतः काढलं होतं. आयुष्यातलं पहिलं मोठं चित्र. पांढरी टोपी, पांढरा सदरा, शांत चेहरा, मागे करडा रंग आणि डोक्याभोवती पिवळसर उजेड.

“आमच्या बाबांचं हाय, सासऱ्यांचं,” त्यांनी आईला सांगितलं. “रविवारी सगला गोतावला जमनार हाय. त्याच्या आत पायजे.”

“हो हो, होईल ना,” आई एकदम हळू आवाजात म्हणाली.

“घरात सगली हसतात मना. नणंद बोलते, रंग कालवन्यापेक्षा मसाला कूट. पन एकदा हे हॉलमदी भिंतीवर लागलं ना मावशी, की सगल्यांची तोंडं बंद.”

हे मी पडद्यामागे ऐकलं आणि ठरवलं की ह्या बाईची फ्रेम आपण जीव लावून करायची. वखारीतली सगळ्यात सरळ पट्टी शोधली. मेणाचा हात दोनदा दिला. हुक लावायच्या आधी मात्र मी जरा थांबले. वहिनींना मेसेज लिहिला, ‘बाबा आहेत ना?’ मग वाचून पाहिला. गेले असतील तर हे किती भयंकर दिसेल! पुसला. ‘बाबा कधी गेले?’ लिहिलं. तेही पुसलं. आईला विचारलं, तर ती म्हणाली, “अगं, चेहरा बघ ना.” चेहरा पाहिला. हुक लावले.

रविवारी आईची भिशी होती, म्हणून चित्र पोचवायला मी एकटीच निघाले. भिंतीवर टांगायचं काम असलं की मी हत्यारांची छोटी पिशवी नेते, ती घेतली. निघताना आई म्हणाली, “पांढरा कुर्ता घाल. आणि तिथे उगाच हसू नकोस.”

चित्र जुन्या चादरीत गुंडाळून मी रिक्षाने चेण्याला गेले. पत्त्यावर पोचले तर गेटला फुगे. अंगणात मांडव, मांडवात स्पीकर, स्पीकरवर नाचायची गाणी. मला वाटलं, घर चुकलं. इतक्यात गेट उघडलं आणि पांढरी टोपी, पांढरा सदरा घातलेला एक म्हातारा बाहेर आला. माझ्या चादरीतला माणूस समोर उभा होता. डोक्यामागचा उजेड तेवढा नव्हता.

“कोन पायजे गो?” बाबांनी विचारलं.

माझ्या तोंडून काही म्हणजे काही फुटेना. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझा पांढरा कुर्ता पाहिला आणि आत वळून ओरडले, “सुजाता! कोन पोर आलीय बग. बोलत न्हाय.”

सुजाता वहिनी धावत आल्या. “अगो बाय, आली तू! बाबांची पंचाहत्तरी हाय आज, तुझ्या आईला बोलले न्हाय का मी?” त्या नव्हत्या बोलल्या. मला त्यांना बाजूला घ्यायचं होतं. फक्त एका मिनिटासाठी, एका स्क्रू ड्रायव्हरसाठी. पण त्यांनी चादरीसकट चित्र माझ्या हातातून घेतलं आणि आत गेल्यासुद्धा. “सगल्यांच्या समोर उघडायचं,” त्या म्हणत होत्या. मी मागे मागे गेले, तोंड उघडलं, बंद केलं.

हॉलमध्ये नातेवाईक दाटीवाटीने बसले होते. भिंतीवर छताला लागून, पुढे झुकलेल्या, काचेच्या फ्रेमांची रांग होती. बाबांचे वडील, आई, थोरला भाऊ आणि शेवटी बाबांची बायको. सगळ्यांना हार. बायकोच्या फोटोशेजारी एक नवाकोरा खिळा मारून ठेवलेला. भिंतीवर तेवढीच जागा मोकळी होती, म्हणून वहिनींनी तिथे मारून घेतला होता.

वहिनींनी चादर ओढली.

चित्र खरंच चांगलं होतं. कुणीतरी “अरे वा!” म्हणायला सुरुवातही केली. मग सगळ्यांचे डोळे वर सरकले. ट्यूबलाइटच्या उजेडात दोन पितळी हुक चकाकत होते. मी ते घासून चमकवले होते.

“वहिनी,” नणंद म्हणाली, “हाराची सोय पन करून ठेवलीस?”

बाबा उठून जवळ आले. त्यांनी एका हुकाला बोट लावलं. मग मान वर करून बायकोचा फोटो पाहिला, आणि त्याच्या शेजारचा रिकामा खिळा पाहिला.

“जागा बी धरून ठेवलीय,” ते म्हणाले.

कुणीतरी फिसकन हसलं. बाबा हसले नाहीत. “मी हाय तवर भिंतीवर जानार न्हाय. घे ते तिकरं.”

“बाबा, तसं न्हाय...” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. काही कळेनासं झालेल्या माणसासारखं. माझ्या जिभेवर अख्खं वाक्य तयार होतं, ‘हुक मी लावले, त्यांना माहीत नव्हतं.’ ते तिथेच राहिलं. वहिनींनी चित्र उचललं, कपाटामागे तोंड फिरवून उभं केलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

“बोललेले मी,” नणंद शेजारणीला म्हणाली, “मसाला कूट.”

कार्यक्रम पुढे सुरू झाला. कुणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं, आणि एरवी मला हेच आवडतं. गेटबाहेर रिक्षा उभी होती. मी पडवीपर्यंत आले, चपलाही घातल्या. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनी दिसल्या. त्या ओट्याशी उभ्या राहून नखातला निळा रंग खरवडत होत्या.

मी चपला काढल्या, आत गेले, कपाटामागून चित्र काढलं आणि पडवीत जमिनीवर मांडी घालून बसले. पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. एक हुक फिरवून काढला, मग दुसरा. वरच्या पट्टीला दोन भोकं राहिली, काळी, डोळ्यांसारखी.

“हुक काढून काय होनार?” मागून आवाज आला. गाण्यांच्या आवाजाला कंटाळून बाबा पडवीत खुर्ची घेऊन आले होते. “भोकं रायलीच ना. आन भोकं बुजवलीस तरी फोटो तो फोटोच. मानूस एकदा चारी बाजूंनी बांधला, की गेला. वर बग जा, सगली बांधलेली हायत.”

त्यात त्यांचा राग नव्हता. मीठ कसं पिकतं किंवा भात कधी लावतात हे सांगावं, तसं ते सांगत होते. मी चित्राकडे पाहिलं. भोकं बुजवायला लाकडाचा भुसा आणि गोंद लागतो, आणि सुकायला वेळ. ह्यातलं काहीच माझ्याकडे नव्हतं. पण ‘चारी बाजूंनी’ हे माझ्या डोक्यात राहिलं.

मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक वरच्या पट्टीखाली घातलं आणि मुठीवर हातोडी मारली.

काडकन आवाज झाला. नेमकं तेव्हाच गाणं बदलत होतं, त्यामुळे तो मांडवात सगळ्यांना ऐकू गेला. वहिनी पिठाच्या हातांनी धावत आल्या. “मोडलं? मोडलं का गो?” मागून नणंद, मागून निम्मा गोतावळा. मी पक्कडीने राहिलेल्या चुका ओढून काढल्या, उभ्या पट्ट्यांच्या टोकांवरचा गोंद पॉलिश पेपरने घासला आणि चित्र उभं करून बाबांसमोर धरलं. डावीकडे पट्टी, उजवीकडे पट्टी, खाली पट्टी. वर काही नाही. टोकं सरळ कापलेली असल्याने तिथे काही तुटल्यासारखंही दिसत नव्हतं. तिरकी कापली असती तर दोन शिंगं दिसली असती.

बाबा वाकले. त्यांनी डोक्याच्या वरच्या मोकळ्या कडेवरून बोट फिरवलं.

“ही बाजू उघडी ठेवलीस?”

मी मान हलवली.

“म्हंजे भायेर यायला वाट हाय.”

मी पुन्हा मान हलवली, जरा जोरात.

ते बराच वेळ चित्राकडे बघत बसले. आत्तापर्यंत त्यांनी फक्त फ्रेम पाहिली होती, चित्र आता पाहत होते. “नाक बराबर हाय,” ते म्हणाले. “आन डोक्यामागं ह्यो काय सूर्य?”

“ट्यूबलाइट हाय बाबा,” वहिनी म्हणाल्या. “तुमचा फोटो काढला तवा मागं ट्यूब होती.”

बाबा खो खो हसले. मग एकदम उठले. “चल. पन त्यांच्या रांगेत न्हाय. इकरं लाव, दरवाजाजवल, खाली. कोन येतंय, कोन जातंय, मना दिसू दे.”

त्यांनी हात लावून दाखवलेली जागा बसलेल्या माणसाच्या नजरेइतकी होती. चित्र टांगायची खरी उंची तीच असते, पण हे मी आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगू शकले नव्हते. मी खिळा मारला, मागची तार अडकवली, एक डोळा मिटून पाहिलं आणि डावा कोपरा किंचित वर केला. वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांच्या पिठाच्या हाताचा ठसा माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर उमटला होता, तो त्यांनी झटकायला घेतला आणि आणखी पसरवला.

“अर्धवट दिसतंय पन,” नणंद म्हणाली.

“अर्धवटच हाय मी अजून,” बाबा म्हणाले. “तुला काय घाई हाय?” सगळे हसले, नणंदही हसली. तिने मोबाइल काढून चित्राचा फोटो घेतला आणि वहिनींना विचारलं, “माझा काढशील का गो? पन ट्यूबलाइट नको.”

मी हत्यारं आवरली. वरची पट्टी तेवढी माझ्या हातात राहिली. बाबांचं लक्ष तिच्याकडे गेलं.

“ए पोरी,” त्यांनी विचारलं, “आन मी गेल्यावर गो? तवा काय?”

कुणीतरी स्पीकरसुद्धा बंद केला. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि बोलायला आई तिथे नव्हती.

“तुम्ही फक्त कळवा, आजोबा,” मी म्हणाले. “मी लगेच येऊन वरची पट्टी लावून देईन.”